सात माणसं, एक घाट आणि एक लिटर डिझेल

सात माणसं बसलेली आणि मागे पिशव्या कोंबलेली डिझेल गाडी ५०० मीटर उंच चढवायला, फक्त त्या चढासाठी, साधारण एक लिटर डिझेल लागतं. हिशेब कागदावर मांडता येतो. गाडीचं वजन १,६५० किलो, माणशी ६० किलो धरून सात माणसांचे ४२०, सामान ८०. एकूण २,१५० किलो. एवढं वजन ५०० मीटर उचलायला साडेदहा मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात. त्यातले ३० टक्के, म्हणजे पावणेअकरा, चाकापर्यंत पोचले तरी इंजिनाने चांगलं काम केलं म्हणायचं. बाकीची उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. रस्त्याचं घर्षण आणि वळणावळणाला दाबलेला ब्रेक यांचा खर्च यात धरलेलाच नाही.

नाशिकहून दिंडोरी, वणी आणि बोरगाव करत सुरगाणा या तालुक्याच्या गावी पोचायला नव्वदएक किलोमीटर पडतात. दिंडोरीपर्यंत द्राक्षबागांचा सपाट मुलूख, पुढे सह्याद्रीचे चढउतार. तालुक्यात नाशिक शहराच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे डांबर टिकत नाही. जिल्हा रुग्णालय, कॉलेज, मोठी खरेदी, बरीचशी कोर्टकचेरी, सगळं नाशिकला. म्हणून सुरगाण्यात गाडी घेणारा शिक्षक असो, ग्रामसेवक असो की बोरगाव पट्ट्यातला स्ट्रॉबेरीवाला, त्याला घरातली सगळी माणसं एकदम नेणारी, घाटात न दमणारी आणि हप्ता झेपणारी गाडी हवी असते. थोडक्यात, स्वस्तातली सात आसनी डिझेल गाडी.

नाशिकच्याच कारखान्यात नेमकी अशी गाडी तयार झाली होती. महिंद्राची मराझो सप्टेंबर २०१८ मध्ये बाजारात आली. सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९९ हजार, इंजिन १,४९७ सीसीचं, ताकद १२३ अश्वशक्ती, टॉर्क ३०० न्यूटन मीटर. सात-आठ माणसं बसतील अशी आतली जागा. तरी विक्रीत पन्नास हजारांचा आकडा तिने गाठला नाही. मारुतीच्या अर्टिगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला, आणि तोवर तिचं डिझेल इंजिन बंद होऊन चार वर्षं होत आली होती. सुरगाण्याच्या रस्त्यांसाठी जी गाडी कागदावर सर्वांत योग्य दिसते तीच चालली नाही. का, ते आकड्यांतच सापडतं.

आधी ताकदीचं पाहू, कारण डिझेलचं खरं गुणगान तिथेच होतं. दर १०० मीटरला ८ मीटर चढणारा रस्ता आणि ताशी ३० किलोमीटर वेग धरा. खराब डांबराचं घर्षण मिळवून भरलेल्या, २,१५० किलोच्या मराझोला चाकावर लागतात फक्त २३ अश्वशक्ती. इंजिन १२३ चं आहे! मग गाड्या घाटात दमतात कशा? कारण १२३ हा आकडा मिनिटाला ३,५०० फेऱ्यांवरचा आहे. वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळू होते, फेऱ्या दीड-पावणेदोन हजारांवर येतात. त्या क्षणी इंजिन किती जोर देतं, एवढाच प्रश्न उरतो.

१,७५० फेऱ्यांवर मराझोचं इंजिन पूर्ण ३०० न्यूटन मीटर टॉर्क देतं, म्हणजे ७५ अश्वशक्ती. गरज २३ ची. गरजेच्या सव्वातीनपट जोर हाताशी. महिंद्राच्याच बोलेरोचं ७५ अश्वशक्तीचं तीन सिलिंडरी इंजिन २१० न्यूटन मीटरवर ५२ अश्वशक्ती देतं, तेवढ्याच बोजासह गरज २२ ची, म्हणजे २.३ पट. जुन्या अर्टिगाचं १,२४८ सीसीचं डिझेल २०० न्यूटन मीटरवर ५० अश्वशक्ती देतं. गाडी हलकी, सव्वाबाराशे किलोच्या आसपास, म्हणून गरज १८ ची आणि पट २.७. आता पेट्रोल अर्टिगा. तिचा सर्वोच्च टॉर्क १३७ न्यूटन मीटर, तोही ४,४०० फेऱ्यांवर. १,७५० ला तो पुरता मिळतो असं उदारपणे मानलं तरी ३४ अश्वशक्ती होतात. गरज १८ ची, पट १.९. प्रत्यक्षात त्याहून कमीच. सीएनजीवर तीच गाडी १२१.५ न्यूटन मीटरवर येते आणि टाकीचं वजनही अंगावर घेते.

गिअरबॉक्समधला तोटा मी यात धरलेला नाही, त्यामुळे सगळेच आकडे थोडे खाली सरकतील, क्रम मात्र बदलणार नाही. पेट्रोल गाडी घाट चढत नाही असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. ती चढते, पण गिअर पाडून, इंजिन किंचाळवत. नवखा चालक असेल तर हाफ क्लचवर, आणि मग क्लच प्लेटचं बिल येतं. डिझेलवाला त्याच वळणावर दुसऱ्यातच निघून जातो. १.३ लिटरच्या छोट्या डिझेलला मात्र एक खोड आहे. फेऱ्या दीड हजाराच्या खाली गेल्या की टर्बो उठत नाही आणि गाडी क्षणभर मेल्यासारखी होते. ज्यांनी हे इंजिन चालवलंय त्यांना वळणाआधीच गिअर पाडायची सवय लागलेली असते.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. मराझो आणि अर्टिगा पुढच्या चाकांवर चालतात, बोलेरो मागच्या. सात माणसं बसली आणि चढ लागला की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात. कोरड्या डांबरावर याने काही बिघडत नाही. पावसाळ्यात पाड्याकडे जाणाऱ्या चिखलाच्या चढावर मात्र पुढची चाकं जागीच फिरतात आणि बोलेरो मागच्या बोजाच्या जोरावर वर जाते. टॉर्क कितीही असो, टायरला पकड नसेल तर तो चिखल उडवण्याच्याच कामी येतो.

आता पैसे. डिझेल परवडतं का, हे तपासायला एकाच गाडीची दोन रूपं समोरासमोर ठेवावीत, म्हणजे बाकी सगळं समान राहतं. एप्रिल २०१२ मध्ये अर्टिगा आली तेव्हा सुरुवातीची पेट्रोल गाडी ५ लाख ८९ हजारांना होती, डिझेल ७ लाख ३० हजारांना. फरक १ लाख ४१ हजारांचा. कंपनीचा दावा पेट्रोलला लिटरमागे १६.०२ किलोमीटर, डिझेलला २०.७७. त्याच वर्षी मेअखेर दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे होतं आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. लिटरमागे ३२ रुपयांची दरी! दाव्यातून घाट आणि खड्ड्यांसाठी २५ टक्के वजा केले तर किलोमीटरला पेट्रोलचा खर्च ६ रुपये ९ पैसे येतो, डिझेलचा २ रुपये ६३ पैसे. वाचतात ३ रुपये ४६ पैसे. जास्तीचे १ लाख ४१ हजार साधारण ४१ हजार किलोमीटरमध्ये फिटत होते. त्या दोन-तीन वर्षांत देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या, यात नवल नाही.

पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले होते, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये झाले. दरी मिटत गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये नवी अर्टिगा आली तेव्हा पेट्रोलची किंमत ७ लाख ४४ हजार आणि डिझेलची ८ लाख ८४ हजार होती, म्हणजे फरक तोच, १ लाख ४० हजार. दावे १९.३४ आणि २५.४७. हीच जोडी पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरून मांडू, पुन्हा २५ टक्के वजा करून. पेट्रोल किलोमीटरला ७ रुपये १७ पैसे, डिझेल ४ रुपये ७६ पैसे. बचत २ रुपये ४१ पैसे. जास्तीची किंमत वसूल व्हायला ५८ हजार किलोमीटर.

बहुतेक जण इथेच थांबतात. पण महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर एकरकमी वाहनकर ११ टक्के आहे आणि डिझेलवर १३. या दोन किमतींवर ते ३३ हजार रुपये जास्त होतात. वसुली ७२ हजार किलोमीटरवर गेली. गाडी कर्जाने घेतली, साडेनऊ टक्के दराने सात वर्षांसाठी, तर जास्तीच्या १ लाख ४० हजारांवर ५२ हजार व्याज चढतं. आता वसुली साडेत्र्याण्णव हजार किलोमीटरवर. आठवड्याला एक नाशिक वारी आणि गावातल्या किरकोळ फेऱ्या धरून वर्षाला १२ हजार किलोमीटर होत असतील, तर जवळपास आठ वर्षं. तोवर हप्ते संपलेले असतात आणि इंजेक्टर-टर्बोची कामं सुरू झालेली असतात. वर्षाला २५ हजार किलोमीटर पळणाऱ्याला मात्र हेच पैसे चार वर्षांच्या आत सुटतात. गाडी तीच असली तरी दोन घरांत दोन उत्तरं निघतात.

हा झाला समान गाड्यांचा हिशेब. मराझोचं गणित आणखी अवघड आहे, आणि ते तिच्या वजनामुळे. १७.३ किलोमीटरच्या दाव्यातून २५ टक्के गेले की उरतात १३. ९१ रुपयांच्या डिझेलवर किलोमीटरला ७ रुपये. बोलेरोचा १६ चा दावा १२ वर येतो, खर्च ७ रुपये ५८ पैसे. आणि आजची पेट्रोल अर्टिगा? दावा २०.५१, त्यातून २५ टक्के वजा केल्यावर १५.४, खर्च ६ रुपये ७६ पैसे. म्हणजे पेट्रोलची अर्टिगा डिझेलच्या मराझोपेक्षा आणि बोलेरोपेक्षाही स्वस्तात पळते! सात माणसांनिशी घाटात पेट्रोल गाडी दाव्यापासून जास्तच घसरते, ३५ टक्के घसरली तर ७ रुपये ८० पैशांवर जाईल, हे मान्य. तरीही डिझेल म्हणजे स्वस्त हे समीकरण इथे उरत नाही. मराझो ट्रकसारख्या सांगाड्यावर, लॅडर फ्रेमवर बांधलेली होती. तो सांगाडा खड्डे पचवतो, पण अर्टिगापेक्षा पावणेपाचशे किलो जास्त ओझं प्रत्येक चढावर वर न्यावं लागतं. डिझेलची कार्यक्षमता त्या लोखंडातच खर्ची पडते.

घरातल्या सात माणसांना आजोबांपासून नातवापर्यंत एकदा नाशिकला न्यायचं झालं, तर मराझोला एका बाजूचं डिझेल ६३० रुपयांचं. एसटीचं काय? जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसचा सहा किलोमीटरचा टप्पा १० रुपये ५ पैशांना झाला. नव्वद किलोमीटरचे पंधरा टप्पे, म्हणजे दीडशे रुपये. दोन पुरुषांचं पूर्ण तिकीट, तीन बायकांचं मार्च २०२३ पासून अर्धं, एका मुलाचं अर्धं, पंच्याहत्तरी ओलांडलेले आजोबा फुकट. एकूण सहाशे रुपयांच्या आसपास. गाडीचा हप्ता, विमा, टायर यातलं काहीही न धरता एसटी बरोबरीत येते. गाडी घ्यायची ती वेळेसाठी आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठता यावा यासाठी. पैसे वाचवायला म्हणून घेत असाल तर एसटीच्या पुढे तुमचं गणित टिकणार नाही.

रस्त्याचा आकडाही यातच बसवायला हवा, कारण त्याचं बिल गाडीवाल्याच्या नावावर फाटतं. २,१५० किलोची गाडी गुळगुळीत डांबरावर ढकलायला सुमारे २५० न्यूटन जोर लागतो. उखडलेल्या रस्त्यावर तोच दुपटीवर जातो. आधीच्याच हिशेबाने हे दर १०० किलोमीटरला सुमारे २.३ लिटर जास्त डिझेल झालं, म्हणजे २१० रुपये, म्हणजे किलोमीटरला २ रुपये १० पैसे. पेट्रोल-डिझेलच्या निवडीने जेवढे वाचतात जवळपास तेवढेच रस्ता चांगला झाला तर वाचतील. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाणा तालुक्यातल्या सीमेलगतच्या गावांनी आम्हाला गुजरातला जोडा अशी मागणी केली तेव्हा त्यांच्या तक्रारींत रस्ता अग्रक्रमाने होता. ती मागणी राजकीय होती की नाही यावर बरंच बोलणं झालं, या दोन रुपये दहा पैशांवर फारसं कोणी बोललं नाही.

रस्त्याची रुंदीही बघा. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला एकेरी रस्ता पावणेचार मीटरचा, जिथे वाहतूक कमी तिथे तीनच मीटरचा. मराझोची रुंदी १,८६६ मिलिमीटर. समोरासमोर दोन मराझो आल्या तर पावणेचार मीटर संपले, आरसे बाहेरच. बोलेरो १,७४५ मिलिमीटरची आहे, दोन मिळून साडेतीन मीटर. पाव मीटर उरतो, आणि पावसाळ्यात खचलेली साइडपट्टी ज्याने पाहिली आहे त्याला तो पाव मीटर मोलाचा वाटतो.

पण मराझोसमोर बोलेरो जिंकली त्यात सर्वांत मोठा वाटा आहे तो पाच मिलिमीटरचा. तिची लांबी आहे ३,९९५ मिलिमीटर. चार मीटरच्या आत आणि १,५०० सीसीच्या आत डिझेल इंजिन असेल तर ती गाडी करखात्याच्या लेखी छोटी. अशा गाडीवर जीएसटी आणि उपकर मिळून ३१ टक्के लागत होते. मराझो ४,५८५ मिलिमीटरची, तिच्यावर ४५ टक्के. कारखान्यातून आठ लाखांना बाहेर पडलेल्या गाडीवर हा फरक १ लाख १२ हजारांचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर आले, छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४०. फरक वाढून १ लाख ७६ हजार झाला. गंमत अशी की पूर्वीची बोलेरो अडीच लिटर इंजिनाची आणि चार मीटरहून लांब होती. २०१६ मध्ये तिला छोटं इंजिन बसवून, बंपर आखडून चार मीटरच्या आत आणलं गेलं. तिच्यात सातपैकी दोघांना मागे आडव्या सीटवर गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं. सात माणसांना समोर तोंड करून नीट बसवायचं तर लांबी लागते, आणि आपली करपद्धती त्या लांबीला दंड करते. मोठं कुटुंब ही चैन नाही, हे त्या दरपत्रकाला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

सुरक्षेबाबत थोडक्यात. ग्लोबल एनकॅपच्या २०१८ च्या धडक चाचणीत मराझोला मोठ्यांसाठी चार तारे आणि मुलांसाठी दोन मिळाले. अर्टिगाला २०१९ मध्ये तीन होते. निकष कडक झाल्यावर २०२४ च्या चाचणीत मोठ्यांसाठी एकच मिळाला. मराझोचे चार तारे जुन्या निकषांवरचे आहेत, हे लक्षात ठेवून तुलना करावी.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचं कडक मानक लागू झालं आणि स्वस्त डिझेलचं दार बंद झालं. मारुतीने वर्षभर आधीच डिझेल सोडत असल्याचं सांगून टाकलं होतं. मराझो ऑगस्ट २०२० मध्ये बीएस-६ होऊन ११ लाख २५ हजारांपासून परतली, पुढे चौदा लाखांच्या वर गेली आणि आता नवी मिळत नाही. बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारी गाळणी, डीपीएफ, असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने पळावी लागते. सुरगाणा ते नाशिक फेरीत वणीच्या पुढे ते सहज होतं. शाळा, बाजार, पाडा एवढ्यातच फिरणाऱ्या गाडीत दिवा लागतो आणि गॅरेज गाठावं लागतं. आज नव्याने मिळणाऱ्या डिझेलमध्ये किआ कॅरेन्स या वर्गात बसते. २५० न्यूटन मीटर टॉर्क, २१.३ चा दावा, आपल्या हिशेबाने किलोमीटरला ५ रुपये ७० पैसे. आकडे चांगले आहेत, पण तीही साडेचार मीटरची आणि ४० टक्के करातली.

तेव्हा माझा निकाल असा. वर्षाला १५ हजार किलोमीटरच्या आत फिरणं असेल आणि सातही जागा क्वचितच भरत असतील, तर पेट्रोल अर्टिगा घ्या आणि चढावर गिअर पाडायचा कंटाळा करू नका. पाड्याचा चिखल रोजचा असेल तर बोलेरोला पर्याय नाही, ॲव्हरेज विसरा. वर्षाला २० हजारांच्या वर, भरल्या गाडीने घाट असेल, तर २०१५ ते २०२० मधली, बीएस-४, एका मालकाची डिझेल अर्टिगा किंवा मराझो शोधा. दिल्लीकडची स्वस्त डिझेल गाडी दाखवली तर आधी वय पाहा. तिथे डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घातली गेली होती म्हणून ती स्वस्त असते, आणि तिची ना-हरकत व पुन्हा नोंदणी तुमच्याच डोक्यावर येते. कुठलीही गाडी घ्या, पण चाचणीला एकट्याने जाऊ नका. घरातली सगळी माणसं बसवा, वणीहून सुरगाण्याकडे जाताना लागणाऱ्या चढावर न्या, वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबा. गाडी तिथे उचलली नाही तर विक्रेत्याला किल्ली परत द्या.